मैदानावरची अंकपल्लवी: मुलांना सांकेतिक संदेश लिहायला आणि उकलायला कसं शिकवावं

सांकेतिक भाषा शिकवायची म्हटली की मोठी माणसं एक तक्ता तयार करतात आणि मुलांना टेबलाभोवती बसवतात. मीही पहिल्यांदा हेच केलं होतं. मुलांनी तक्ता बघून दोन शब्द लिहिले, तक्ता बघूनच ते वाचले आणि दहा मिनिटांत पेन्सिली खाली ठेवल्या. त्यांचं चुकलं नव्हतं. एकाच टेबलाशी बसलेल्या दोघांना संकेताची गरजच काय? जे सांगायचं ते सरळ बोलता येतं.

संकेत लागतो तो दोनच कारणांनी. एक तर आवाज पोहोचत नाही इतकं अंतर मध्ये असतं, नाही तर ज्याला कळू नये असा कोणीतरी जवळ असतो. ही दोन्ही कारणं मोकळ्या मैदानावर आपोआप हजर होतात. म्हणून मी आता तक्ता शेवटी काढते. आधी मुलांना अडचणीत टाकते आणि मग वाट दाखवते.

सामान थोडंच लागतं: खडू, वीस-पंचवीस खडे, कागदाच्या लांब पट्ट्या, रबरबँड, पेन्सिली, दोन-तीन जाड पुठ्ठे, शिट्टी, एकसारख्या जाडीच्या दोन काठ्या आणि वेगवेगळ्या जाडीच्या आणखी चार-पाच. आठ ते बारा मुलं असली तर खेळ उत्तम रंगतो. बाराखडी येणारी, म्हणजे साधारण सात वर्षांपुढची मुलं सगळं करू शकतात. त्याहून लहान मुलांना जमिनीवरच्या खुणांमध्ये तितकीच मजा येते.

आधी अंतर

मुलांचे दोन गट करा आणि त्यांना तीस-चाळीस पावलांवर समोरासमोर उभं करा. मध्ये चार वस्तू ठेवा: बादली, चेंडू, टोपी, दोरी. एका गटाच्या कानात सांगा, ‘खडा टोपीखाली आहे.’ आता त्यांनी न बोलता, न ओरडता, जागचं न हलता हे पलीकडच्या गटाला कळवायचं.

पहिल्या फेरीत गोंधळ होतो. एक मूल डोक्यावर हात ठेवतं, दुसरं उड्या मारतं, तिसरं बोट दाखवतं, आणि पलीकडचे चेंडू उचलतात. इथे लगेच मदतीला धावू नका. दुसऱ्या फेरीआधी दोन्ही गटांना एकत्र येऊन बोलायला पाच मिनिटं द्या, एवढंच. बहुतेक वेळा कोणीतरी स्वतःहून म्हणतं, ‘आपण आधीच ठरवू या ना, एक हात म्हणजे बादली.’ संकेत हा आधी झालेला करार असतो, हे त्या मुलाला तुम्ही न सांगता कळलेलं असतं.

तिसऱ्या फेरीला वस्तू बदला. बादलीऐवजी वही, दोरीऐवजी चप्पल. ठरवलेल्या खुणा निरुपयोगी होतात. प्रत्येक वस्तूसाठी नवी खूण किती वेळा ठरवणार? कुठलाही शब्द सांगता येईल अशी काहीतरी सोय हवी, ही भूक इथे लागते. अक्षरांकडे वळायची हीच वेळ, पण त्याआधी पायांना थोडं काम देऊ.

जमिनीवरच्या खुणा

एक गट पुढे जाऊन माग ठेवतो, दुसरा दहा मिनिटांनी त्या मागावर निघतो. खुणा चार-पाचच ठेवा. काटक्यांचा बाण म्हणजे या दिशेने. दोन काटक्यांची फुली म्हणजे इकडे नाही. मोठ्या दगडावर छोटा दगड म्हणजे वाट बरोबर आहे. चौकोनात बाण आणि शेजारी खडे म्हणजे ‘या दिशेला, जितके खडे तितक्या पावलांवर चिठ्ठी आहे.’ वर्तुळ आणि मधोमध खडा म्हणजे माग संपला. दोन खुणांमधलं अंतर सुरुवातीला दहा-पंधरा पावलांपेक्षा जास्त नको.

पावलांच्या खुणेत एक गंमत दडलेली आहे. उंच मुलाने ‘बारा पावलं’ लिहिलं आणि लहान मुलीने बारा पावलं मोजली तर ती चिठ्ठीच्या बरीच अलीकडे थांबते. कोणाची पावलं, हे ठरलेलंच नसतं. एकदा असं झाल्यावर आमच्याकडच्या मुलांनी टाचेला पंजा लावून मोजायचं ठरवलं, आणि तरी फरक उरला म्हणून शेवटी एका मुलाच्या चपलेचं माप दोरीवर घेऊन ती दोरी दोन्ही गटांना दिली. ती दोरी त्यांची पहिली किल्ली होती, म्हणजे खूण उकलायला दोन्ही बाजूंकडे असावी लागते ती गोष्ट.

लपवण्याच्या जागांबद्दल एक नियम कडक पाळा. चिठ्ठी नेहमी उघड्यावर, कंबरेच्या उंचीवर किंवा पायवाटेच्या कडेला ठेवायची. बिळात, कपारीत, दगडाखाली, पालापाचोळ्याच्या ढिगात कधीही नाही. तिथे विंचू-साप असू शकतात आणि शोधणारं मूल न बघता हात घालतं. झाडाच्या सालीवर कोरायचं नाही, खडूने लिहायचं.

‘च’ची भाषा

हा टप्पा छोटा आहे, कारण बऱ्याच मुलांना तो आधीच येतो. शब्दाचं पहिलं अक्षर शेवटी न्यायचं आणि पुढे ‘च’ लावायचा. ‘मला पाणी दे’चं ‘चलाम चणीपा चदे’ होतं. पळत पळत एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला असा निरोप पोहोचवायची शर्यत लावा. नंतर विचारा, की यात नक्की झालं काय? अक्षरांच्या जागा बदलल्या आणि एक फसवं अक्षर मिसळलं. कूटलेखनातल्या दोन जुन्या युक्त्या मुलं नाव न घेता वापरत असतात, हे त्यांना दाखवून दिलं की चेहरे खुलतात.

वर्णमालेची चौकट

आता मुख्य भाग. इ.स.पू. दुसऱ्या शतकातल्या पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराने मशालींनी निरोप पाठवायची एक रीत लिहून ठेवली आहे. ग्रीक वर्णमालेतली २४ अक्षरं पाच फळ्यांवर वाटायची. डावीकडे जितक्या मशाली वर, तितक्या क्रमांकाची फळी, आणि उजवीकडे जितक्या, तितकं त्या फळीवरचं अक्षर. त्यासाठी अक्षरांची मुद्दाम वाटणी करावी लागत होती. आपल्या वर्णमालेत ती आधीच केलेली आहे. क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग: पाच ओळी, प्रत्येकीत पाच अक्षरं. जीभ घशाकडून ओठांकडे सरकत येते त्या क्रमाने लावलेली ही चौकट संदेशासाठी जशीच्या तशी वापरता येते. आकड्यांतून अक्षरं सांगायच्या या रीतीला आपल्याकडे नावही आहे, अंकपल्लवी. हातांच्या खुणांनी बोलणं म्हणजे करपल्लवी आणि डोळ्यांच्या खुणांनी बोलणं म्हणजे नेत्रपल्लवी. ६४ कलांच्या जुन्या यादीत सांकेतिक लेखनाची कलाही आहे. तिचं नाव म्लेच्छितविकल्प.

मुलांकडूनच ही चौकट जमिनीवर खडूने मोठी काढून घ्या. प्रत्येक घरात एक मूल उभं राहू शकेल एवढी मोठी:

ओळ १: क ख ग घ ङ
ओळ २: च छ ज झ ञ
ओळ ३: ट ठ ड ढ ण
ओळ ४: त थ द ध न
ओळ ५: प फ ब भ म
ओळ ६: य र ल व श
ओळ ७: ष स ह ळ अ

मात्रांना बाराखडीच्या क्रमाने आकडे द्या: अ १, आ २, इ ३, ई ४, उ ५, ऊ ६, ए ७, ऐ ८, ओ ९, औ १०. म्हणजे कुठलंही अक्षर तीन आकड्यांत बसतं: आधी ओळ, मग घर, मग मात्रा. हा क्रम कधीही बदलायचा नाही. ‘झा’ म्हणजे दुसरी ओळ, चौथं घर, दुसरी मात्रा. ‘झाडाखाली’ असं होतं:

२-४-२, ३-३-२, १-२-२, ६-३-४

स्वर सुटा आला, उदाहरणार्थ ‘उद्या’मधला ‘उ’, तर शेवटच्या घरातल्या ‘अ’ला ती मात्रा लावायची: ७-५-५. जोडाक्षरात पाय मोडलेल्या अक्षराची मात्रा ० लिहायची, म्हणून ‘द्या’ होतं ४-३-०, ६-१-२. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’सुद्धा याच रीतीने क् + ष आणि ज् + ञ असे मोडून लिहायचे. अनुस्वारासाठी आकड्याच्या डोक्यावर ठिपका द्यायचा. ‘कृ’ला खेळापुरतं ‘क्रु’ चालतं, ‘बॅट’ला ‘बेट’. त्यावर अडून बसू नका.

कागदावर आणण्याआधी ही चौकट पायाखालून घाला. तुम्ही ‘पाच-एक-एक, सात-चार-दोन’ म्हणा. मुलं ५-१ या घरात उडी मारतात, ‘प!’ ओरडतात, मग ७-४ कडे धावतात, ‘ळ… ळा!’ आणि ‘पळा’ कळताच सगळी सुटतात. वीस मिनिटं हे खेळून झालं की बहुतेकांना ओळी तोंडपाठ असतात. ‘ण’ कुठे आणि ‘न’ कुठे हा गोंधळसुद्धा पायांनी सुटतो.

हात वर, हात खाली

आता पुन्हा सुरुवातीचं तीस-चाळीस पावलांचं अंतर. एवढ्या लांबून बोटं दिसत नाहीत, म्हणून अख्खे हात वापरायचे. डावा हात जितक्या वेळा वर, ती ओळ. उजवा हात जितक्या वेळा वर, ते घर. डोक्यावर दोन्ही हातांच्या जितक्या टाळ्या, ती मात्रा. अनुस्वार अक्षराच्या डोक्यावर असतो, म्हणून टाळ्यांनंतर टाळूवर हात. जोडाक्षरात अक्षराचा पाय मोडतो, म्हणून टाळ्यांऐवजी एका पायावर उभं राहायचं. शब्द संपला की खाली बसायचं. या खुणा मुलांना दुसऱ्यांदा सांगाव्या लागत नाहीत, कारण अक्षर जसं लिहिलं जातं तसंच शरीर वागतं.

पलीकडच्यांनाही तीन खुणा हव्यात: हात पसरले म्हणजे ‘तयार’, एक हात वर म्हणजे ‘मिळालं, पुढे’, डोक्यावर हातांची फुली म्हणजे ‘पुन्हा सांग’. ही तिसरी खूण सगळ्यात महत्त्वाची. मुलांना ‘कळलं नाही’ म्हणायची लाज वाटते आणि ती अंदाज मारत पुढे जातात. ‘पुन्हा सांग’ मागणाऱ्या गटाला पहिले काही दिवस एक गुण द्या.

प्रत्येक टोकाला दोघं लागतात. पाठवणाऱ्या बाजूला एक आकडे वाचून दाखवतो, दुसरा हात हलवतो. घेणाऱ्या बाजूला एक फक्त बघतो आणि आकडे मोठ्याने म्हणतो, दुसरा फक्त लिहितो. बघणाऱ्याने मान खाली घालायचीच नाही. लिहायला मान वळवली की एक हात चुकतो आणि सगळा शब्द फसतो. ‘झाडाखाली’ला ३४ हालचाली लागतात, म्हणून सुरुवातीला दोन-तीन अक्षरांचेच शब्द द्या: ‘पळा’, ‘थांबा’, ‘वाळूत’.

‘वाळूत’वरून आठवलं. एकदा एका जोडीकडे ‘वाळूघ’ आलं. लिहिणाऱ्या मुलाने पेन्सिल थांबवली. ‘असा शब्दच नाही.’ बघणारी मुलगी म्हणाली, ‘मी एक-चार म्हटलं होतं.’ दोघं खडूच्या चौकटीपाशी वाकली. तिचं बोट १-४ वर, ‘घ’. मग त्याने बोट ४-१ वर नेलं. ‘त! वाळूत!’ डावा-उजवा हात उलट वाचला गेला होता. संदेश उकलणं म्हणजे तक्ता बघून अक्षरं लावणं एवढंच नाही. अर्थ लागत नसेल तर चूक कुठे शिरली असेल याचा माग काढणंही त्यातच येतं, आणि ते त्या दोघांनी आपापसात केलं. मी जवळ होते, पण बोलले नाही. अशा वेळी गप्प राहणं अवघड असतं, पण तेवढं कराच.

ऱ्हस्व-दीर्घाबद्दलही इथे वेगळं सांगावं लागत नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत फक्त एका टाळीचा फरक आहे हे मूल स्वतः टाळ्या वाजवून शिकतं.

हेर आणि किल्ली

आतापर्यंत फक्त अंतर होतं. आता तिसरा गट आणा, हेरांचा. त्यांनी बाजूला उभं राहून हात मोजायचे आणि संदेश आधी उकलून खडा पळवायचा. हेर पहिल्या फेरीत हमखास जिंकतात, कारण वर्णमाला सगळ्यांनाच येते. आपली पद्धत समोरच्याला ठाऊक आहे, तरी संदेश गुप्त कसा राहील? मुलांना दोन मिनिटं डोकं खाजवू द्या.

सोपा उपाय म्हणजे ओळींची सुरुवात बदलणं. ‘आज पहिली ओळ प-वर्गाची.’ मग य-ओळ दुसरी, ष-ओळ तिसरी, क-वर्ग चौथा, असं फिरत जायचं. हे गुपित फक्त दोन टोकांना माहीत. हीच किल्ली.

दुसरा उपाय लिहिलेल्या चिठ्ठ्यांसाठी आहे. ज्युलियस सीझर आपल्या पत्रांत अक्षरं तीन जागा पुढे सरकवून लिहीत असे, असं रोमन चरित्रकार सुएटोनियसने नोंदवलं आहे. आपण आपापल्या ओळीतच अक्षर पुढे सरकवायचं आणि शेवटच्या अक्षरावरून पहिल्यावर यायचं. मात्रा तशीच ठेवायची. एक घर सरकवलं तर ‘पान’चं ‘फात’ होतं. आणि ‘काठी’चं काय होतं ते मुलांना करून बघायला सांगा: क पुढे ख, ठ पुढे ड. ‘खाडी’! हेराच्या हाती ‘खाडी’ लिहिलेली चिठ्ठी पडली तर तो पाणी शोधत बसेल. अशा जोड्या शोधायचा नाद मुलांना लागतो.

पण एक घर सरकवणं कच्चं आहे, आणि ते मुलांनाच शोधून काढू द्या. ‘चेंडू’चं ‘छेंढू’ होतं आणि कोणीही ते लगेच ओळखतं, कारण च-छ आणि ड-ढ कानाला शेजारी आहेत. दोन घरं सरकवली की ‘जेंणू’, हे बरंच अवघड. तरीही मात्रा उघड्याच राहतात. हुशार हेर ‘ए, अनुस्वार, ऊ’ एवढ्या सांगाड्यावरून शब्द ताडतो.

इथून मोठ्या मुलांना एक पायरी वर नेता येते. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-किंदी या विद्वानाने लिहून ठेवलं, की भाषेत काही अक्षरं वारंवार येतात आणि काही क्वचित, त्यावरून किल्ली नसतानाही संदेश फोडता येतो. मुलांना कुठल्याही छापील पानाचा एक परिच्छेद द्या आणि प्रत्येक अक्षरापुढे रेघा मारायला लावा. ‘ङ’ आणि ‘ञ’पुढे जवळजवळ काहीच नसतं, काना मात्र सगळीकडे. आता चिठ्ठीत ‘ञ’ भराभर दिसू लागला, तर तो खरा ‘ञ’ नाही, कुठलंतरी नेहमीचं अक्षर सरकून तिथे आलंय. त्याच ओळीत एकेक घर मागे जाऊन बघा, चार प्रयत्नांत किल्ली सापडते. ती सापडल्यावर हेरांच्या गटातून जो आवाज उठतो तो ऐकण्यासाठी मी हा सगळा खटाटोप पुन्हा करते.

काठीवरची पट्टी

प्राचीन स्पार्टाशी जोडलेली ही युक्ती प्लुटार्कने वर्णन केली आहे. बोटाएवढ्या रुंदीची आणि हातभर लांबीची कागदी पट्टी काठीवर तिरकी, कडेला कड लावून गुंडाळा आणि दोन्ही टोकं रबरबँडने बांधा. काठीच्या लांबीच्या दिशेने, प्रत्येक वेढ्यावर एकच अक्षर असं लिहा. ओळ संपली की काठी थोडी फिरवून पुढची ओळ. शिरोरेषा सलग ओढू नका, नाहीतर पट्टी सोडल्यावर रेघेचे तुकडे अक्षरांची मूळ जोडी सांगून टाकतात. मात्राही आपल्या अक्षराच्याच वेढ्यावर राहायला हव्यात. वेलांटी शेजारी गेली की सगळं बिघडतं.

पट्टी सोडली की नुसती विस्कटलेली अक्षरं. वाचायला त्याच जाडीची काठी हवी. मैदानात वेगवेगळ्या जाडीच्या पाच-सहा काठ्या ठेवा आणि बरोबर कोणती ते शोधू द्या. काठीची टोकं बोथट करून घ्या आणि काठी हातात असताना धावायचं नाही.

लिंबाच्या रसाने लिहून आचेवर वाचायची युक्ती मुलं हमखास सुचवतात. मैदानात वाळलेलं गवत असतं, मी ती करू देत नाही.

सगळं एका खेळात

दीड तास हाताशी ठेवा. माग संपतो तिथे पट्टी टांगलेली असते आणि आसपास काठ्या. पट्टीवर त्या दिवसाची किल्ली मिळते, समजा ‘पहिली ओळ तची’. किल्ली मिळालेल्या गटाने मैदानाच्या टोकाला जायचं, समोरच्या टोकावरून हातांनी येणारा शब्द उतरवायचा आणि तिथली चिठ्ठी आणायची. चिठ्ठी सरकवलेल्या अक्षरांत लिहिलेली असते. हेर मधे फिरत असतात. त्यांना हात बघायची मुभा आहे, कोणाला धरायची किंवा चिठ्ठी ओढायची नाही. अडलेल्या गटाने सात-आठ मिनिटांनी एक मदत मागावी. मदत म्हणून उत्तर सांगू नका, चूक कोणत्या अक्षरात आहे तेवढंच सांगा.

मैदानाची हद्द आधी चालून दाखवा. मुलं जोडीनेच फिरतील, आणि एक लांब शिट्टी म्हणजे असाल तिथून परत. आणखी एक संकेत याच दिवशी शिकवा, जो खेळात कधीही वापरायचा नाही: डोंगरात संकटात सापडलेल्यांनी मिनिटाला सहा वेळा शिट्टी किंवा प्रकाश द्यायचा, एक मिनिट थांबायचं आणि पुन्हा सहा. ज्याने ऐकलं त्याचं उत्तर मिनिटाला तीन. आमच्याकडे लहानात लहान मूलसुद्धा हा संकेत गमतीत वाजवत नाही.

खेळ संपल्यावर माग ठेवणारा गटच सगळ्या खुणा मोडतो. काटक्या विखुरतात, दगड जागच्या जागी जातात आणि चिठ्ठ्या मोजून परत घेतल्या जातात. जितक्या लपवल्या तितक्या. एखादी कमी भरली तर सगळे मिळून शोधतो, कारण बाणाची एक काटकी जरी राहिली तरी दुसऱ्या दिवशी कोणीतरी तिच्यामागे निघतं. खडूची चौकट मात्र मुलं पुसू देत नाहीत. मागच्या वेळी त्यांनी तिच्या कडेला लिहून ठेवलं होतं: ७-५-५, ४-३-०, ६-१-२.